जपानी निळीसाठी जपान लागत नाही

जपानी पद्धतीने नैसर्गिक नीळ करून पाहायची, तर झाडही जपानचेच हवे, हा पहिला गैरसमज. शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा भागात निळीची वाळलेली पाने पाणी मारून, वरचेवर उलथत सुमारे शंभर दिवस कुजवतात. त्यातून तयार होणाऱ्या काळपट खतासारख्या मालाला ‘सुकुमो’ म्हणतात. त्यांची नीळ पर्सिकेरिया प्रजातीची, आपली इंडिगोफेरा शेंगवर्गातली, म्हणजे तुरीच्या गोत्रातली. तरी दोन्हींतला निळा रंग एकाच द्रव्याचा, इंडिगोटिनचा. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने १८९७ पासून कारखान्यात बनवून विकले तेही हेच द्रव्य. किराणा दुकानातली पांढऱ्या कपड्यांची नीळ मात्र बहुधा अल्ट्रामरीन असते. तिचा इथे उपयोग नाही. तेव्हा वाशिमच्या नवख्याने जपानकडून घ्यायची ती रंगाचे पिंप सांभाळण्याची शिस्त.

ती का लागते, हे दुसऱ्या गैरसमजातून कळते. मंजिष्ठेसारखी नीळही उकळली की उतरते आणि तुरटीने पक्की होते, असे अनेकांना वाटते. पण नीळ पाण्यात विरघळतच नाही. कितीही उकळा, पूड तळाशी बसते. ती विरघळवायला पाणी अल्कलीयुक्त लागते आणि निळीचे क्षपण करून तिला विरघळणाऱ्या रूपात आणणारे काहीतरी लागते. सुकुमोच्या पिंपात पहिले काम लाकडाच्या राखेची निवळी करते, दुसरे जिवाणू करतात. आपल्याकडे हीच कामे चुना आणि गूळ करतात. दक्षिणेत आंबवणीसाठी टाकळ्याच्या बिया घालण्याची जुनी रीत आहे. पावसाळ्यात वाशिम-रिसोडकडे रस्त्याच्या कडेला माजतो आणि कोवळा असताना भाजीला खुडतात, तो तरोटा म्हणजेच हा टाकळा. झटपट पिंपासाठी फ्रेंच रंगतज्ज्ञ मिशेल गार्सिया यांचे प्रमाण सोपे आहे : एक भाग नीळ, दोन भाग विरलेला चुना, तीन भाग फळसाखर. पिंप तयार झाले की वर तांबूस चकाकीची साय आणि निळा फेस येतो, खालचे पाणी मात्र पिवळट हिरवे असते. त्यातून काढलेले कापडही आधी हिरवट दिसते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. तुरटीचे इथे कामच नाही.

रंग हवेत पक्का होतो, म्हणून ‘जास्त वेळ बुडवले की जास्त गडद’ हाही हिशेब चुकतो. थोडा वेळ बुडवायचे, हवेत धरायचे, पुन्हा बुडवायचे. गडदपणा या फेऱ्यांनी चढतो. कोऱ्या मांजरपाटाची खळ आधी धुण्याच्या सोड्यात उकळून काढली नाही, तर रंग वरवर बसतो आणि हाताला लागतो. मग दोष नैसर्गिक रंगाला दिला जातो. टेरिकॉटमधला पॉलिएस्टरचा धागा तर नीळ धरतच नाही.

यावर कोणी म्हणेल, सोडियम हायड्रोसल्फाइटने काम पटकन होते, मग एवढा खटाटोप कशाला? होते हे खरे. पण तेव्हा नैसर्गिक असते ती फक्त नीळ, पिंप नव्हे. विकत घेताना हा फरक विचारावा. उलट बाजूने, नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असेही नाही. चुना कातडी आणि डोळे भाजतो, म्हणून हातमोजे हवेतच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : सुकुमोची छटा वेगळी असते. असू शकते, कारण त्यात इंडिगोटिनखेरीज पानांतले बरेच काही उरलेले असते. पण नवख्याचे काम बिघडते ते छटेमुळे नव्हे. आंबवणीच्या पिंपाला सतत ऊब लागते. डिसेंबरच्या रात्री ते झाकले नाही की जिवाणू मंदावतात, आणि फार ढवळले की हवा शिरून नीळ पुन्हा तळाशी बसते. महागडा सुकुमो आणला म्हणून या चुका टळत नाहीत. आधी चुना-गुळाच्या पिंपात मांजरपाटाच्या पट्ट्या रंगवून पाण्याचा रंग आणि साय ओळखायला शिकावे. सुकुमोवर खर्च करायचा की नाही, हे त्यानंतर ठरवावे.