पैनगंगेच्या काठची वसाहत आणि मुलांची कादंबरी

लेखमाला : बालकथेतील इतिहास
लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात मराठी मुलांच्या हाती पडणाऱ्या ऐतिहासिक कथांचा आपण विचार केला आणि त्यांचा पाया बहुधा गडकोटांचा, स्वाऱ्यांचा आणि तलवारीचा असतो, हे पाहिले. हरिभाऊ आपटे आणि नाथमाधव यांच्या कादंबऱ्यांवर ज्या समाजाची वाचनाची गोडी पोसली गेली, तेथे असे होणे स्वाभाविकच होते. परंतु इतिहासाचा फार मोठा भाग रणांगणापासून दूर, रानात कुऱ्हाड चालविणाऱ्या, विहीर खणणाऱ्या आणि परमुलखात पहिला पावसाळा कसाबसा निभावणाऱ्या माणसांच्या हातून घडत असतो, आणि त्या माणसांच्या बरोबर त्यांची मुलेही असतात. अशा वसाहतीची कथा मुलांसाठी लिहिण्याचा प्रघात अमेरिकेत रुजला, तसा तो आपल्याकडे रुजला नाही. तो रुजावा आणि त्याचा आरंभ यवतमाळ जिल्ह्यातून व्हावा, असे मला मनापासून वाटते. मात्र तो रुजविताना वसाहतीची भूमी आधी निर्मनुष्य होती, हा अमेरिकन कथांतला भ्रम आपण उचलता कामा नये.

या प्रकारातील सर्वांत ख्यातनाम लेखिका म्हणजे लॉरा इंगल्स वाइल्डर. १८६७ साली जन्मलेल्या या बाईंनी आपल्या बालपणीच्या स्थलांतरांवर आधारलेली पुस्तके १९३२ पासून प्रसिद्ध केली, आणि लाकडाच्या ओंडक्यांचे घर कसे उभे राहते, हिवाळ्यासाठी मांस कसे टिकवितात, याची त्यांनी केलेली वर्णने आजही मुले तहानभूक विसरून वाचतात. परंतु १९३५ साली निघालेल्या त्यांच्या प्रेअरीवरील घराच्या पुस्तकात त्या प्रदेशाचे वर्णन करताना, तेथे माणसे नव्हती, होते ते केवळ मूळ रहिवासी, अशा अर्थाचे वाक्य होते. आणि ते ओसेज लोकांच्या मालकीच्या भूमीविषयी होते. एका वाचकाच्या तक्रारीनंतर, १९५३ च्या आवृत्तीत, 'माणसे' या शब्दाच्या जागी 'वसाहतवाले' असा शब्द घालण्यात आला. शब्द बदलला तरी कथेची दृष्टी बदलली नाही. ती बदलण्याचे काम १९९९ मध्ये लुईझ एर्ड्रिच यांनी केले. त्यांच्या कादंबरीतील ओमाकायास ही ओजिब्वे मुलगी गोरे वसाहतवाले जवळ येत असताना आपल्या आजीपाशी वाढते आहे, आणि तेथे सरहद्दीकडे पाहणारे डोळे पलीकडच्या बाजूचे आहेत.

आता यवतमाळकडे वळू. अमेरिकेत १८६२ साली होमस्टेड कायदा झाला आणि पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसणाऱ्यास १६० एकर देण्याचे ठरले. त्याच वेळी तेथे जे यादवी युद्ध चालू होते, त्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा कापूस बंद पडला, भाव कडाडले आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे सर्वांची नजर गेली. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेल्या या मुलखाच्या आग्नेय कोपऱ्यात १८६४ मध्ये स्वतंत्र जिल्हा पाडण्यात आला. तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ मध्ये पुसद तालुका जोडला जाऊन त्याचा यवतमाळ जिल्हा झाला. सरकारी दप्तरात या टापूची बरीच जमीन 'पडीत' म्हणून दाखल होती. १८६५ च्या पडीत जमिनीच्या नियमांन्वये अशी अखंड मौजे मुदतीच्या पट्ट्याने इजाऱ्याने देण्यात आली. इजारदाराने रयत आणावी, रान मोडावे, गाव वसवावे आणि सारा भरावा, असा तो करार होता. नावापुढे 'इजारा' हे उपपद लागलेली गावे आजही या जिल्ह्याच्या ग्रामयादीत आढळतात, आणि अशा प्रत्येक गावाच्या मुळाशी एक न लिहिलेली कादंबरी आहे, असे मी मानतो.

या कादंबरीची पात्रे कोण? घाटाखालून आलेले कुणबी आहेत, दुकान थाटणारे मारवाडी आहेत, पैनगंगा ओलांडून निजामाच्या हद्दीतून आलेली तेलुगू भाषक कुटुंबे आहेत. पण ज्यांच्या आयुष्यात वसाहतीने सर्वांत मोठी उलथापालथ केली ते बंजारा होत. शतकानुशतके ही मंडळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत होती. मोगलांच्या दक्षिणेतील फौजांना आणि १८०३ मध्ये वऱ्हाडात उतरलेल्या वेलस्लीच्या सैन्याला रसद पोचविली ती त्यांनीच. १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोचली आणि बैलाच्या पाठीवरच्या व्यापाराचा कणा मोडला. जे काम पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडले होते ते हातचे गेले, त्यातच १८७१ च्या कायद्याने भटक्या जमातींकडे गुन्हेगार म्हणून पाहण्याची सरकारी रीत पडली, आणि मग पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूंना तांड्यांनी मुक्काम हलविणे थांबविले. मुक्कामाचे गाव झाले, तांड्याचा प्रमुख असलेला नायक जमीन कसू लागला, आणि लदेणीचे, म्हणजे ओझे वाहणारे, बैल औताला जुंपले गेले.

येथे कथाकाराने घटकाभर थांबावे, असे मला वाटते, कारण मुलांच्या मनाला भिडणारे सारे काही या एका बदलात आहे. लदेणीच्या काळात दर सायंकाळी गोण्या उतरवून त्या रचून भोवती भिंत उभी करीत आणि आत बैल बांधीत. रात्री त्या गोण्यांच्या आडोशाला, मिठाच्या आणि तागाच्या वासात, मुले झोपत. तांड्यात एखादा बैल बालाजीच्या नावाने सोडलेला असे. त्याच्या पाठीवर ओझे ठेवीत नसत. त्याला कवड्या, घुंगरू आणि रंगीत गोंडे यांनी सजवीत, तो पुढे चाले आणि तांडा त्याच्यामागून जाई. घरात दुखणे आले तर त्याच्या पायाशी डोके ठेवीत. आता कल्पना करावी की, तांडा कायमचा स्थिरावला आहे, पहिला पेरा तोंडावर आला आहे, दोन बैल रोगाने मेले आहेत आणि नायकाच्या घरी, या देवाच्या बैलाला औताला जुंपावे की नाही, हा प्रश्न उभा आहे. दहा वर्षांच्या ज्या मुलीने त्याच्या गळ्यातील कवड्या स्वतः ओवल्या, तिला आगगाडीचा भाव आणि कापसाची तेजी कोणी समजावून सांगण्याची गरज राहत नाही. सारे अर्थशास्त्र तिच्यासमोर त्या जनावराच्या मानेवर येऊन ठेपलेले असते. लेखकाला जर ही एक गोष्ट सांगता आली, तर सन आणि तहांची यादी देण्याच्या मोहातून तो आपोआप सुटेल.

परंतु ज्या रानात हे औत फिरणार, ते रान कोणाचे होते? दप्तरातील 'पडीत' हा शब्द महसुलाचा आहे. सारा येत नाही एवढेच तो सांगतो, माणूस नाही असे सांगत नाही. वणी, केळापूर आणि यवतमाळच्या डोंगराळ भागात गोंड, परधान, आंध आणि कोलाम पूर्वीपासून राहत आले आहेत. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. मध्ये चावडी, भोवती घरे, हाताला बांबूचे काम, आणि बोली कोलामी, जी तेलुगू व गोंडी यांच्या कुळातली असली तरी स्वतंत्र आहे. जंगल साफ करून फिरती शेती करणे ही त्यांची रीत होती. एकीकडे इजारदाराची कुऱ्हाड आणि दुसरीकडे राखीव जंगलाची हद्द, यांच्या कचाट्यात ती रीत संपुष्टात आली आणि पुष्कळ कोलाम आपल्याच मुलखात मजूर झाले. वसाहतीच्या कथेत यांना डोंगरावरून उतरणारी भयावह सावली म्हणून आणले, तर आपण वाइल्डरबाईंचीच चूक मराठीत करू, आणि आपल्याला तर ती करण्याचे निमित्तही नाही; कारण तांड्यातला बंजारा हाही सत्ताधारी नव्हता, तोही आपल्या पोटामागून रेटला गेलेला होता.

दोन्ही बाजूंची भेट घडविण्यास कृत्रिम योगायोगाची आवश्यकता नाही. श्रावणात बंजारा कुमारिका तीज पेरतात: बांबूच्या टोपलीत माती घालून गहू पेरावयाचे, नऊ दिवस गाणी म्हणत त्याला पाणी घालावयाचे, आणि पिवळसर कोवळे अंकुर वर आले की वाजतगाजत विसर्जन करावयाचे. ती टोपली विणणारा हात पोडावरचा असू शकतो. आमच्या कल्पनेतील मुलगी टोपली आणावयास डोंगर चढून गेली, आणि तेथील तिच्याच वयाच्या मुलाने तिला बांबू कोणत्या दिवसांत तोडावा हे दाखविताना, यंदा त्याच्या बापाने जेथे पेरा करावयाचा तेथे तिच्या बापाचे औत फिरले आहे, हे सहज सांगितले, तर वाचणाऱ्या मुलाला जो प्रश्न पडेल त्याचे उत्तर लेखकाने देऊ नये. तक्रार करावयास कोणाकडे जावे हे त्या दोघांना ठाऊक नाही. पट्टा तिसऱ्याच्याच नावे आहे.

असे लिहिण्याला आधार कोठे मिळेल, असे कोणी विचारील. जुनी गॅझेटिअरे आहेत, मोजणीचे कागद आहेत. आत्माराम कनिराम राठोड यांचे 'तांडा' आणि पंजाबराव चव्हाण यांचे 'याडी' ही आत्मकथने आहेत. पुसद तालुक्यातील गहुली हे गाव चतुरसिंग नाईक यांनी वसविले. १९१३ साली तेथे जन्मलेला त्यांचा नातू वसंतराव पुढे ११ वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता. तांड्यातून वसलेल्या एका गावाचा दोन पिढ्यांचा हा प्रवास चरित्रकारांनी शेवटाकडून, म्हणजे मंत्रालयाकडून पाहिला आहे; मुलांच्या कादंबरीने तो आरंभाकडून, पहिल्या झोपडीच्या कुडापासून पाहावा. कोलाम पोडावरचे मात्र छापील असे फार थोडे आहे. तेथे म्हाताऱ्यांपाशी बसून ऐकण्यावाचून गत्यंतर नाही आणि ते लवकर व्हावयास हवे.

राहिला प्रश्न भाषेचा. ही मुले घरात गोरबोली आणि कोलामी बोलणार, बाजारात वऱ्हाडी, आणि नदीपलीकडच्या शिपायाशी मोडकी उर्दू. या चार बोलींचे एका मराठी पुस्तकात काय करावयाचे, याचा विचार पुढील लेखांकात करू.