जिवंत आहे, पण जोडलेले आहे काय?

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार थांबले, ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला. बाजाराने दोन दूरसंचार कंपन्यांकडून जोडण्या घेतल्या होत्या. परंतु त्याच्याच पुढील निवेदनानुसार दोन केंद्रांमधील रस्त्यावरच्या खोदकामामुळे त्या अस्थिर झाल्या. त्यातून जोखीम-नियंत्रणाची यंत्रणा बंद पडली आणि तिच्यावाचून सौदे होऊ देणे धोक्याचे होते. उपनगरांतील रस्ते कसे खोदले जातात, हे अंधेरी-घाटकोपरच्या वाचकांस सांगावयास नको.

अलीकडे अनेक सेवांच्या संगणकप्रणाली 'कंटेनर' नामक छोट्या, स्वतंत्र कप्प्यांत चालविल्या जातात. त्यांवर देखरेख करणारी 'कुबरनेटिस' ही व्यवस्था, वेगळी सूचना नसल्यास, दर १० सेकंदांनी तपासणी करते व सलग ३ वेळा अपयश आल्यास कप्पा निकामी समजते. मात्र काय तपासावे, हे प्रणाली लिहिणाऱ्याने ठरवावयाचे असते. बहुधा 'जिवंत आहेस काय?' एवढेच विचारले जाते. बोरिवलीच्या तिकीट-खिडकीत दिवा लागला आहे, कारकून बसला आहे, पण यंत्राचा केंद्राशी संबंध तुटला आहे; अशा खिडकीपुढे रांग लावण्यात काय हशील? म्हणून 'काम घेण्यास सिद्ध आहेस काय?' हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. उत्तर नकारार्थी आल्यास कप्प्याकडे काम पाठविणे थांबते. त्याला मारून पुन्हा उभे केले जात नाही. हा भेद न जाणता माहितीकोशाशी असलेल्या जोडणीची तपासणी पहिल्याच प्रश्नात घुसडली, तर एक तार तुटताच सारे कप्पे एकदम पुनर्जन्म घेऊ लागतात आणि किरकोळ दुखण्याची साथ होते.

शेअर बाजारातील बिघाड कंटेनरांचा नव्हता; प्रश्न मात्र तोच. दोन कंपन्या म्हणजे दोन मार्ग, हे गृहीत कागदावरचे होते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे खरी गोम खर्चाची आहे. तपासणीचा भार संस्थेने सोसावयाचा आणि तपासणी न केल्याचा भार ग्राहकाने. त्या दिवशी व्यवहारांची वेळ पाचपर्यंत वाढविण्यात आली, पण ती वाढेल हे ठाऊक नसल्याने अनेकांचे सौदे मुंबई शेअर बाजारात आधीच मिटविले गेले होते. मार्च २०२१ मध्ये सेबीने अशा बिघाडानंतर ३० मिनिटांत आपत्ती घोषित करण्याचे व त्यापुढील ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करण्याचे बंधन घातले. ते योग्यच होते. परंतु तारा कोणत्या रस्त्याखालून जातात, याचा नकाशा करारापूर्वीच मागून घ्यावा आणि खोदकामाची परवानगी देणाऱ्या कार्यालयातील कागदांशी तो दर महिन्यास ताडून पाहावा. त्यास एका कारकुनाचा पगार पुरेल.