मांडलिकाचे सिंहासन : यरुशलेम आणि सातारा

मुळशीच्या घाटमाथ्याखाली पश्चिमेस सुधागड आणि डोंगररांगांपलीकडे दक्षिणेस तोरणा, म्हणजेच प्रचंडगड, हे दोन्ही मुलूख ब्रिटिश काळात भोरच्या पंत सचिवांच्या संस्थानात मोडत होते, तर खुद्द मुळशी पुणे जिल्ह्याचा भाग म्हणून थेट इंग्रजी अमलाखाली होती. एकाच सार्वभौम सत्तेखाली कुठे कलेक्टर आणि कुठे गादीवर बसलेला देशी राजा, ही रचना इंग्रजांनी प्रथम शोधलेली नव्हे; त्यांच्याही सुमारे अठराशे वर्षे आधी रोमन साम्राज्याने यहुदी लोकांच्या देशात तिचाच अवलंब केला होता, आणि बायबलच्या नव्या करारात भेटणारे हेरोद घराण्याचे राजे त्याच रचनेतून उभे राहिले.

मांडलिक राजा म्हणजे ज्याला आपल्या मुलखात करवसुली, न्याय आणि धर्मव्यवहार यांची मोकळीक असते, परंतु युद्ध, तह आणि वारसा या बाबतीत ज्याला वरच्या सत्तेची संमती घ्यावी लागते असा राजा. इ. स. पू. 63 मध्ये पॉम्पे या रोमन सेनापतीने यरुशलेम घेतल्यावर यहुद्यांचे स्वातंत्र्य संपले, आणि इ. स. पू. 40 मध्ये रोमच्या सेनेटने, म्हणजे तेथील राज्यसभेने, हेरोदाला यहुद्यांचा राजा म्हणून घोषित केले. राजपद आधी रोममध्ये मिळाले आणि राजधानी त्यानंतर तीन वर्षांनी, तीही रोमन फौजेच्या मदतीने, हाती आली. त्याने यरुशलेमचे मंदिर भव्य रूपात पुन्हा बांधले, तरी प्रजेच्या मनात तो परक्यांनी बसवलेला राजाच राहिला. इ. स. पू. 4 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर राज्य तीन पुत्रांत वाटले गेले आणि ती वाटणी मंजूर केली सम्राट ऑगस्टसने. त्यांपैकी अर्खेलाव याला प्रजेच्या तक्रारींवरून इ. स. 6 मध्ये पदच्युत करून गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, हद्दपार करण्यात आले व त्याच्या वाट्याचा यहूदिया प्रांत खालसा होऊन तेथे रोमन अधिकारी आले. त्यानंतर काही काळ महायाजकाचा सणावारी घालायचा पोशाखसुद्धा रोमन किल्लेदाराच्या कुलपात असे; पराधीनतेची याहून बोचरी खूण शोधूनही सापडणार नाही.

पुढे इ. स. 41 ते 44 या काळात यहूदियावर राज्य करणाऱ्या पहिल्या अग्रिप्पाने, म्हणजे हेरोदाच्या नातवाने, शेजारच्या पाच मांडलिक राजांना तिबिर्या या नगरात पाहुणे म्हणून बोलावले, तेव्हा सीरियाचा रोमन सुभेदार मार्सस याला संशय आला आणि त्याने त्या पाहुण्यांना आपापल्या घरी परत पाठवले. मांडलिकांनी एकमेकांशी बोलणे, याचीच वरच्या सत्तेला सर्वांत मोठी भीती वाटत असे.

साताऱ्याच्या छत्रपतींच्या बाबतीत हीच भीती कागदावर उतरली. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवले आणि 25 सप्टेंबर 1819 च्या तहात अशी अट घातली की रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारात राहणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या, मध्यस्थीवाचून महाराजांनी परराज्याशी कसलाही व्यवहार करू नये. पंत सचिवांसारखे जहागीरदार साताऱ्याच्या अधीन ठेवले गेले, पण त्यांना कंपनीची हमी होती, त्यामुळे छत्रपतींचे सरदारही पुरते छत्रपतींचे राहिले नाहीत. प्रतापसिंहांनी रस्ते बांधले, शाळा आणि छापखाना काढला, आणि तहाने दिलेले हक्क खरे मानून जहागिरींवरील आपला अधिकार आग्रहाने मागितला. याच आग्रहातून मुंबई सरकारशी बिनसले, असे मानण्यास पुरेसा आधार आहे. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आणि कंपनीच्या शिपायांना फितवल्याचा आरोप त्यांच्यावर आला. गव्हर्नर जेम्स कार्नाक याने दोष कबूल करून लेखी दिल्यास गादी राहील असे सुचवले, परंतु महाराजांनी खोट्या कबुलीवर सही करण्यास नकार दिला. सप्टेंबर 1839 मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठवण्यात आले आणि तेथेच 1847 मध्ये त्यांचा अंत झाला.

हेरोदाचा दुसरा पुत्र अंतिपा याची गतही इ. स. 39 मध्ये अशीच झाली होती, मात्र दोघांत एक मोठा फरक आहे. अंतिपा राजा ही पदवी मागण्यासाठी रोमला गेला आणि शस्त्रसाठ्याच्या आरोपावरून हद्दपार झाला; प्रतापसिंहांनी नवी पदवी मागितली नाही, दिलेला शब्द पाळावा एवढेच मागितले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते महाराजांच्या निधनानंतरही 1853 पर्यंत लंडनमध्ये राहून तीच दाद मागत होते, आणि त्या चिकाटीची आठवण महाराष्ट्राने याहून अधिक ठेवायला हवी होती.

प्रतापसिंहांनंतर गादीवर बसवलेले त्यांचे बंधू शहाजी 1848 मध्ये वारले, तेव्हा त्यांचे दत्तक विधान लॉर्ड डलहौसीने नाकारले आणि सातारा खालसा केला. यहुद्यांच्या बंडात रोमच्या बाजूने राहिलेल्या दुसऱ्या अग्रिप्पाचा, म्हणजे पहिल्या अग्रिप्पाच्या पुत्राचा, मुलूख मात्र इ. स. 70 मध्ये यरुशलेमचे मंदिर जळाल्यानंतरही त्याच्याकडेच राहिला. साताऱ्याचे मांडलिक असलेले भोरचे संस्थानही आपल्या धन्याच्या गादीनंतर शंभर वर्षे टिकले आणि 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले.