बाळाच्या डोळ्यातील पांढरी चमक : दोष आईचा नव्हे

तान्ह्या बाळाच्या डोळ्याची बाहुली काळीभोर असते. एखाद्या दिवशी उजेडात ती पांढरी दिसू लागली, मांजराच्या डोळ्यासारखी चमकू लागली, तर घरात काय होते? कोणी म्हणते, फूल पडले. कोणी म्हणते, दृष्ट लागली. कोणी मध घालते, कोणी काजळ, कोणी अंगारा आणते. आणि सरतेशेवटी सगळे मिळून आईलाच विचारतात, ‘ग्रहण पाळले होतेस का?’

आम्ही पेशाने कारकून आहोत, डॉक्टर नाही. नोकरी सांभाळून मावळ तालुक्यातील सुदुंबरे आणि आसपासच्या वस्त्यांवर कुटुंबांच्या बैठका घेतो. सुदुंबरे हे तळेगाव-चाकण पट्ट्यातले गाव. इथली पोरे कारखान्यात यंत्रे चालवतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ याच गावात आहे. इतके सगळे दाराशी असताना एका बैठकीत एक आजी आम्हाला म्हणाल्या, “दादा, सुनेने ग्रहणात विळी हातात धरली, त्याचं फळ नातवाच्या डोळ्यावर आलं.” सून खाली मान घालून बसली होती. तो डोळा पुण्यात तपासला तेव्हा जन्मजात मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया झाली, मूल बरे आहे. परंतु तीच पांढरी चमक डोळ्याच्या कर्करोगाचीही असू शकते. तिथे मात्र अंगाऱ्यात गेलेला एकेक महिना जिवावर बेततो.

त्या सुनेला द्यावयाचे उत्तर शास्त्रज्ञांनी पन्नास वर्षांपूर्वीच शोधून ठेवले आहे. ते आपल्या घरात पोचले नाही, म्हणून हा लेख.

हा आजार कोणता?

डोळ्याच्या आतील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगाला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकाला तो होतो. जगात वर्षाला सुमारे ८ हजार मुलांना हा रोग होतो. त्यातील दीड हजारांच्या आसपास मुले आपल्या भारतातील असतात. बहुतेकांचा रोग पाच वर्षांच्या आतच उघडकीस येतो. दोन्ही डोळ्यांना झाला असेल तर तो वर्षभराच्या वयातच दिसू लागतो.

बाहुलीत पांढरी चमक हे पहिले लक्षण, आणि नव्याने आलेला तिरळेपणा हे दुसरे. पुढे डोळा लाल होतो, दुखतो, मोठा दिसू लागतो. श्रीमंत देशांत या रोगातून शंभरापैकी पंचाण्णवांहून अधिक मुले वाचतात. आपल्याकडे हे प्रमाण कमी पडते. याचे मोठे कारण म्हणजे मूल उशिरा दवाखान्यात येते. रोग डोळ्याच्या आत आहे तोवर मूल वाचते. तो डोळ्याबाहेर मेंदूकडे किंवा हाडांत गेला की डॉक्टरांचेही हात बांधले जातात.

घाटातला ट्रक आणि दोन ब्रेक

हा रोग होतो कसा, हे १९७१ मध्ये अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड नुडसन यांनी मांडले. त्यांच्याजवळ फार मोठी यंत्रसामग्री नव्हती. ह्यूस्टनच्या रुग्णालयातील ४८ मुलांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. कोणाला एका डोळ्याला रोग, कोणाला दोन्ही, आणि कितव्या महिन्यात, असा हिशेब मांडला. आमच्यासारख्या खातेवह्या लिहिणाऱ्या माणसाला याचे विशेष कौतुक वाटते. नीट ठेवलेल्या नोंदींतून एवढा मोठा शोध लागला.

तो शोध मावळातल्या माणसाला बोरघाटाच्या उदाहरणाने चटकन समजेल. घाट उतरणाऱ्या ट्रकला दोन ब्रेक असतात. एक निकामी झाला तरी दुसऱ्यावर गाडी सावरते. दोन्ही गेले तर गाडी सुटते. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत असाच एक ब्रेक आहे. पेशीने केव्हा वाढायचे आणि केव्हा थांबायचे, हे तो ठरवतो. त्याचा आराखडा ज्या जनुकात लिहिलेला आहे, त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. दोन्ही प्रती बिघडल्या की पेशी थांबायचे विसरते आणि गाठ वाढू लागते.

काही मुलांच्या दोन्ही प्रती जन्मतः चांगल्या असतात. पुढे पडद्यावरील एखाद्याच पेशीत दोन्ही बिघडतात. असे क्वचित घडते, म्हणून रोग एकाच डोळ्यात आणि थोडा उशिरा होतो. दुसऱ्या काही मुलांच्या सर्व पेशींत एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असते, म्हणजे एक ब्रेक आधीच गेलेला असतो. पडद्यावरील लाखो पेशींपैकी काहींत दुसराही जातो. म्हणून रोग लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो. शंभरातील सुमारे चाळीस मुले या दुसऱ्या प्रकारातली असतात.

हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ते वेगळे करून दाखवले. त्याला आरबी-१ असे नाव आहे. कर्करोग रोखणारे जनुक म्हणून हाती लागलेले हे पहिलेच जनुक होय. पडद्यावरील नेमक्या कोणत्या पेशीतून गाठ सुरू होते, यावरही पुढे काम झाले. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी पूर्ण तयार होण्याआधीच्या अवस्थेत असतात तेव्हा त्यांच्यापासून हा रोग उद्भवतो, असा पुरावा २०१४ मध्ये पुढे आला.

मग दोष कोणाचा?

जनुक आईवडिलांकडून येते म्हटल्यावर काही घरांत लगेच सुनेच्या माहेराकडे बोट दाखवले जाईल. म्हणून पुढची गोष्ट नीट वाचावी. जन्मतः बिघाड असलेल्या बहुतेक मुलांच्या घराण्यात हा रोग पूर्वी कोणालाही झालेला नसतो. बिघाड नव्यानेच घडलेला असतो. असा नवा बिघाड बहुतांशी वडिलांकडून आलेल्या प्रतीत आढळतो, असे १९८९ पासूनच्या संशोधनात दिसले आहे. पुरुषबीज तयार होताना पेशींची नक्कल पुन:पुन्हा होत राहते. नकला जितक्या जास्त, तितका चुकीला वाव जास्त, हे कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही पटेल. यात बापाचाही अपराध नाही. त्याने काही खाल्ले, काही केले म्हणून हे होत नाही. पण ग्रहण, विळी, पांढरा पाय, मागच्या जन्मीचे पाप अशा नावांखाली बाईला छळणाऱ्यांच्या हातचे काठीचे टोक या एका शोधाने मोडले आहे.

ज्याच्या सर्व पेशींत हा बिघाड आहे, त्याच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून रोगी मुलाच्या रक्ताची जनुकीय तपासणी उपयोगी पडते. बिघाड नेमका कोठे आहे हे कळले की भावंडांचे रक्त तपासता येते. ज्याच्यात बिघाड नाही, त्याला भूल देऊन वारंवार डोळा तपासण्याच्या त्रासातून सोडवता येते. ज्याच्यात आहे, त्याच्यावर जन्मापासून लक्ष ठेवता येते. चेन्नईचे शंकर नेत्रालय आणि हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था येथे या रोगावर उपचारही होतात आणि प्रयोगशाळेत संशोधनही चालते.

पुण्याच्या कमल रणदिवे

पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत ठेवता आल्या म्हणून हे सर्व ज्ञान वाढले. डोळ्याच्या या कर्करोगाच्या पेशीही १९७४ पासून प्रयोगशाळेत वाढवल्या जात आहेत. आपल्या देशात हे पेशी वाढवण्याचे शास्त्र रुजवले ते पुण्यात जन्मलेल्या एका स्त्रीने. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ चा. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी काम केले, १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्या शिकल्या आणि परत येऊन परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. त्यांचे मुख्य काम डोळ्यावर नव्हते, स्तनाच्या व रक्ताच्या कर्करोगावर आणि कुष्ठरोगावर होते. पण त्यांनी घातलेल्या पायावर पुढच्या अनेकांनी मजले चढवले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. उत्तरायुष्यात त्यांनी अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्या डॉ. गे यांच्याकडे त्या शिकल्या, त्यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवल्या गेल्या. तिला कोणी विचारले नव्हते. त्या पेशींवर जगभर संशोधन झाले, कंपन्यांनी पैसा केला. तिच्या वारसांचा एका बड्या कंपनीशी समझोता झाला तो २०२३ मध्ये!

यातून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली अशी, की ज्या विषाणूमुळे हेन्रिएटाला कर्करोग झाला, तो विषाणू पेशीतील हाच ब्रेक, बाळाच्या डोळ्यातून सापडलेला ब्रेक, निकामी करतो. हे १९८९ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे बाळाच्या डोळ्यावरचे संशोधन त्याच्या आईच्याही उपयोगी पडले. या विषाणूविरुद्ध लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या अशा लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. आपल्या मुलींसाठी तिची चौकशी जरूर करावी.

दुसरी गोष्ट संमतीची. रुग्णालयात संशोधनासाठी रक्त वा गाठीचा तुकडा मागितला तर घाबरून नकार देऊ नये. पण न वाचता अंगठाही उठवू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तुमच्या भाषेत समजावून सांगितले पाहिजे. नकार दिला म्हणून उपचार थांबवता येत नाहीत.

डोळा मोठा की जीव?

रोग लवकर सापडला तर औषधे, लेसर आणि गोठवण्याचे उपचार यांनी डोळा वाचू शकतो. पूर्वी बाहेरून किरणोपचार सर्रास देत. जन्मजात बिघाड असलेल्या मुलांना त्यामुळे पुढे दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, हे कळल्यावर ते शक्यतो टाळले जातात. या गाठीत सुई घालून तुकडा काढणे धोक्याचे, कारण रोग पसरू शकतो. म्हणून डोळ्याच्या पुढच्या भागातील पाण्याच्या थेंबातून गाठीचे जनुकीय अंश ओळखण्याची पद्धत २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी दाखवली. तिच्यावर अजून काम चालू आहे.

परंतु गाठ मोठी असेल तर डोळा काढावा लागतो. येथे अनेक कुटुंबे मागे फिरतात. “मुलीची जात आहे, उद्या लग्न कसे व्हायचे?” असे म्हणून लेकराला घरी आणतात. आम्ही हात जोडून सांगतो, असे करू नका. काचबिंदू किंवा मोतीबिंदू नव्हे, हा कर्करोग आहे. एक डोळा काढलेले मूल दुसऱ्या डोळ्याने शाळेत जाते, नोकरी करते, कृत्रिम डोळा सहसा ओळखूही येत नाही. डोळा राखण्याच्या हट्टाने मूल मात्र जाते.

आपण काय करावे?

पाच वर्षांच्या आतील मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, मोबाईलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत एक डोळा तांबडा व दुसरा पांढरा आला, किंवा डोळा तिरळा होऊ लागला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. प्रत्येक वेळी कर्करोगच असतो असे नाही. कधी कॅमेऱ्याच्या कोनानेही तसे दिसते. ते डॉक्टरांना ठरवू द्यावे, आणि बाहुलीत औषध टाकून पडदा तपासा असे स्पष्ट सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. पुढील उपचारासाठी पुण्याचे ससून रुग्णालय, हडपसर बाजूचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आणि परळचे टाटा रुग्णालय येथे चौकशी करावी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. शिधापत्रिका व ओळखपत्रे बरोबर न्यावीत.

ज्येष्ठांनीही एक ध्यानात ठेवावे. पापणीवर एकाच जागी पुन:पुन्हा येणारी, न दुखणारी गाठ रांजणवाडी म्हणून सोडू नये. तिचीही तपासणी करून घ्यावी.

वाचक बंधू-भगिनींनो, रविवारी विहारात तरुण आया लेकरे घेऊन येतात. ज्याला वाचता येते त्याने हा लेख त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा, आणि सासवांनाही जवळ बसवून घ्यावे.