गिर्यारोहणपट

गिर्यारोहणपट : उत्तुंग पर्वत, कडे आणि हिमनद्या यांच्या पार्श्वभूमीवर घडणारे व गिर्यारोहण हाच ज्यांच्या कथानकाचा कणा असतो, असे चित्रपट. केवळ निसर्गशोभेसाठी पर्वत दाखविणारे चित्रपट या वर्गात मोडत नाहीत. दोर, खिळा, पकड आणि तोल यांवर पात्रांचे जीवित अवलंबून असणे हे या प्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण होय. त्यातील गुन्हेगारी, पाठलाग व हाणामारी यांनी युक्त असलेला उपप्रकार म्हणजे गिर्यारोहणविषयक थरारपट. ‘क्लिफहँगर’ (१९९३) हे त्याचे सर्वांत ख्यातनाम उदाहरण आहे.

पूर्वेतिहास : या प्रकाराचा पाया जर्मनीत मूकपटांच्या काळात घातला गेला. भूविज्ञानाचा अभ्यासक असलेल्या आर्नोल्ट फांक (१८८९–१९७४) याने स्टुडिओतील कृत्रिम देखावे नाकारून नटांना व छायालेखकांना प्रत्यक्ष आल्प्सच्या हिमकड्यांवर नेले. ‘द होली माउंटन’ (१९२६) आणि गे. व्ही. पाब्स्ट याच्यासह दिग्दर्शित केलेला ‘द व्हाइट हेल ऑफ पिट्झ पालू’ (१९२९) हे त्याचे प्रमुख चित्रपट. दुसऱ्यातील मशालींच्या प्रकाशात चालणारे रात्रीचे शोधकार्य आणि एर्न्स्ट उडेट या वैमानिकाची उड्डाणे पुढील अनेक चित्रपटांना आदर्शवत ठरली. लुईस ट्रेंकर व लेनी रीफेनश्टाल हे दोघे फांकच्याच पथकातून दिग्दर्शनाकडे वळले. पर्वतापुढील हतबलता आणि वीरपूजा यांचे या चित्रपटांतील मिश्रण नाझी मनोवृत्तीला पोषक ठरले, अशी टीका झीगफ्रीट क्राकाउअर याने १९४७ मध्ये केली. ही टीका वादग्रस्त असली, तरी पर्वताचे चित्रण विचारनिरपेक्ष नसते, हे तिने दाखवून दिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर पर्वताचे दैवी वलय ओसरले आणि त्यावरील माणसांच्या नीतिमत्तेचा प्रश्न पुढे आला. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचे मुंबईहून लंडनकडे निघालेले ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान फ्रान्समधील माँ ब्लांवर कोसळून त्यातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. मदतीसाठी निघालेला रने पायो हा वाटाड्याही हिमात प्राणास मुकला. या दुर्घटनेवरून आंरी त्र्वाया या फ्रेंच कादंबरीकाराला कथाबीज मिळाले आणि त्या कादंबरीवर एडवर्ड डमिट्रिक याने ‘द माउंटन’ (१९५६) हा चित्रपट काढला. कोसळलेल्या विमानातील मौल्यवान वस्तू लुटण्यासाठी धाकटा भाऊ थोरल्या भावाला, एका वृद्ध वाटाड्याला, कड्यावर नेतो. तेथे एक भारतीय स्त्री जिवंत आढळते आणि दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, असे त्याचे कथानक आहे. विमान, संपत्ती आणि अनिच्छेने निघालेला वाटाड्या ही त्रयी पुढे ‘क्लिफहँगर’मध्येही दिसते.

क्लिंट ईस्टवुड याचा ‘द आयगर सँक्शन’ (१९७५) हा हेरगिरी व गिर्यारोहण यांची सांगड घालणारा चित्रपट. त्याचे चित्रीकरण स्वित्झर्लंडमधील आयगर (३,९६७ मी.) या शिखरावर झाले. ईस्टवुड याने आरोहणाची दृश्ये बहुतांशी स्वतःच केली. तथापि १९७४ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी झालेल्या शिलापातात डेव्हिड नोल्स हा ब्रिटिश गिर्यारोहक मरण पावला. प्रेक्षकाला पडद्यावर दिसणारा धोका किती प्रमाणात खरा असावा, हा या प्रकारातील मूलभूत प्रश्न या घटनेने तीव्रपणे उभा केला.

क्लिफहँगर : रेनी हार्लिन या फिनलंडच्या दिग्दर्शकाचा हा अमेरिकन चित्रपट २८ मे १९९३ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. पटकथा मायकेल फ्रान्स व सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांची असून मूळ कल्पना जॉन लाँग या गिर्यारोहकाची आहे. स्टॅलोन, जॉन लिथगो, मायकेल रूकर व जनीन टर्नर यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. कमरपट्ट्याचे बक्कल तुटल्याने एका तरुणीचा हात नायकाच्या हातातून निसटतो आणि ती दरीत कोसळते, या प्रसंगाने चित्रपटास प्रारंभ होतो. अपराधी भावनेने डोंगर सोडून गेलेला हा बचावकर्मी काही महिन्यांनी परततो, त्याच वेळी सरकारी कोषागाराचे दहा कोटी डॉलर लुटणाऱ्या टोळीचे विमान पर्वतात कोसळते. पैशांच्या तीन पेट्या शोधण्यासाठी टोळी त्याला व त्याच्या सहकाऱ्याला वेठीस धरते.

कथा कोलोरॅडोतील रॉकी पर्वतात घडते. चित्रीकरण मात्र मुख्यत्वे इटलीतील कोर्तीना दाम्पेत्सोनजीकच्या डोलोमाइट पर्वतात झाले. तेथील सरळसोट सुळके, अरुंद कपारी आणि मोंते क्रिस्ताल्लोवरील झुलता पूल यांचा छायालेखक ॲलेक्स टॉमसन याने प्रभावी उपयोग केला. सायमन क्रेन या साहसदृश्यकाराने सु. १५,००० फूट (सु. ४,५७० मी.) उंचीवर दोन उडत्या विमानांमध्ये दोरावरून केलेल्या संक्रमणासाठी दहा लाख डॉलर मोबदला घेतला. स्टॅलोनच्या बदली काम केलेल्या आरोहकांत व्होल्फगांग ग्युलिख हा विख्यात जर्मन प्रस्तरारोहक होता. प्रदर्शनापूर्वीच, १९९२ मध्ये तो मोटार अपघातात मरण पावल्याने चित्रपट त्याच्या स्मृतीस अर्पण करण्यात आला. सु. सात कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सु. साडेपंचवीस कोटी डॉलर मिळविले. ऑस्करसाठी ध्वनी, ध्वनिपरिणाम-संकलन व दृश्यपरिणाम या तीन विभागांत त्याला नामांकन मिळाले.

वास्तव आणि अतिशयोक्ती : गिर्यारोहकांनी या चित्रपटावर बरेच आक्षेप घेतले. खडकात क्षणार्धात खिळा ठोकणारी व लगेच माणसाचा भार पेलणारी बंदूक प्रत्यक्षात नसते. खडकात छिद्र पाडून त्यात खिळा पक्का करणे हे कष्टाचे व वेळ घेणारे काम आहे. हिमवादळात अपुऱ्या वस्त्रांनिशी तासन्‌तास वावरणाऱ्या माणसाचे शारीरिक तापमान झपाट्याने उतरते. प्रथम बोटांची पकड व नंतर निर्णयशक्ती क्षीण होते. आरंभीच्या दृश्यातील बक्कल तुटण्याचा प्रसंगही सर्वसाधारण अनुभवाशी जुळत नाही. वापरलेला कमरपट्टा दृश्यासाठी मुद्दाम कमकुवत केला होता, असा खुलासा चित्रपटाच्या अखेरच्या श्रेयनामावलीत द्यावा लागला. मार्टिन कॅम्बेल याच्या ‘व्हर्टिकल लिमिट’ (२०००) या चित्रपटात नायट्रोग्लिसरीन पाठीवर घेऊन के–२ शिखर चढणारे बचावपथक दाखवून अतिशयोक्तीचा कळस गाठण्यात आला.

या दोन्ही चित्रपटांचा गाभा मात्र गिर्यारोहणातील एका खऱ्या नैतिक पेचातून आलेला आहे. एकाच दोराला बांधलेल्या दोघांपैकी एक वाचणार असेल, तर दुसऱ्याने काय करावे, हा तो पेच होय. १९८५ मध्ये पेरू देशातील सिउला ग्रांदे शिखरावर सायमन येट्स याला जखमी सहकारी जो सिम्पसन याचा दोर कापावा लागला. सिम्पसन हिमभेगेत पडूनही वाचला. त्यावरील ‘टचिंग द व्हॉइड’ (२००३) या अनुबोधपटात खलपुरुष नाही व स्फोटही नाहीत. तरीही त्यातील ताण कमी होत नाही. थरारपटाला दोषी व निर्दोषी ठरविण्याची घाई असते. प्रत्यक्ष पर्वत तशी सोय देत नाही. या प्रकाराची मर्यादा त्यातून स्पष्ट होते.

गृहचित्रफीत व तबकडी : चित्रपटगृहातून उतरल्यावर अशा चित्रपटांचे दुसरे आयुष्य घरातील दूरचित्रवाणी संचावर सुरू होते. व्हीएचएस फीत १९७६ मध्ये जपानमध्ये, लेझर तबकडी १९७८ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. ‘क्लिफहँगर’ प्रथम या माध्यमांद्वारे घरोघरी पोहोचला. मात्र गिर्यारोहणपटाची त्यात विशेष हानी होई. मूळ चित्रचौकटीचे रुंदी-उंची गुणोत्तर २.३९ : १, तर त्या काळच्या संचाच्या पडद्याचे १.३३ : १ होते. पडदा भरून दिसावा म्हणून चित्राच्या दोन्ही बाजू छाटल्यास मूळ चित्राचा सु. ४४ टक्के भाग गळतो. दोन सुळक्यांमध्ये ताणलेल्या दोराची दोन्ही टोके, किंवा लोंबकळणारा माणूस आणि त्याला धरणारा सहकारी, हे एकाच चौकटीत असणे हाच अशा दृश्यांचा अर्थ असतो. छाटलेल्या प्रतीत एक हात दिसे व दुसरा नाहीसा होई. खोलीची जाणीवही मंदावे. वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण चौकट दाखविण्याची पद्धत मुख्यतः लेझर तबकड्यांवर रूढ झाली. परंतु लहान पडद्यावर चित्र बारीक दिसते म्हणून अनेक प्रेक्षक तिच्यावर नाराज असत.

अमेरिकेत १९९७ मध्ये आलेल्या डीव्हीडीने ही अडचण बरीच दूर केली. ७२० × ४८० चित्रबिंदूंची स्पष्टता, बहुमार्गी ध्वनी आणि जोडसामग्रीची सोय ही तिची वैशिष्ट्ये. ‘क्लिफहँगर’च्या २००० मधील संग्राहक आवृत्तीत ध्वनिभाष्य, वगळलेली दृश्ये आणि दृश्यपरिणामांवरील माहितीपट देण्यात आले. पुढे ब्लू-रे (१९२० × १०८०) व २०१९ मध्ये ३८४० × २१६० चित्रबिंदूंच्या तबकडीवरही तो आला. चित्र थांबवून पुनःपुन्हा पाहता येऊ लागल्याने खरा कडा कोठे संपतो व स्टुडिओतील बनावट खडक कोठे सुरू होतो, हे सामान्य प्रेक्षकालाही ओळखता येऊ लागले. वाढत्या स्पष्टतेने जुन्या युक्त्या उघड्या पडल्या; त्याचबरोबर बदली आरोहकांनी खऱ्या कड्यावर केलेल्या कामाचे मोलही वाढले. फीतयंत्रांचे अखेरचे व्यापारी उत्पादन २०१६ मध्ये थांबले. फांकचे मूकपट आज तबकड्यांमुळे अभ्यासकांना सहज पाहता येतात. गृहमाध्यम हे करमणुकीइतकेच जतनाचेही साधन आहे, याचे ते उदाहरण होय.