माळवदाचे ओझे

लातूर-धाराशिव भागात जुने माळवदाचे घर नव्याने राहण्याजोगे करायचा विषय निघाला, की घरातली वडीलधारी मंडळी आधी ३० सप्टेंबर १९९३ ची आठवण काढतात. गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. बहुतेक आपल्याच घराखाली गाडली गेली. दगड-मातीचे घर म्हणजे मरण, हा समज तेव्हा रुजला. मदतीच्या पैशांतून अनेकांनी जुने घर मजबूत करण्याऐवजी शेजारी सिमेंटची एक खोली बांधली. जुने घर मात्र वापरात राहिलेच.

त्या पडझडीत एक गोष्ट ठळक दिसली होती. पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभा होता. म्हणजे दोष घराच्या वयाचा नव्हता, बांधणीतल्या दोन गोष्टींचा होता.

पहिली, भिंत. दोन-अडीच फूट जाडीची ही भिंत एकसंध नसते. आतून एक आणि बाहेरून एक असे दगडांचे दोन थर, मधे चिपा नि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. हादरा बसला की थर सुटतात आणि भिंत फुगून फुटते.

दुसरी, माळवद. पावसाळ्यात गळले की वर माती टाकायची, ही पिढ्यांची रीत. माती उन्हाळ्यात घर गार ठेवते, पण थर वाढतच जातो. तीन बाय चार मीटरच्या खोलीवर ६० सेंटिमीटर माती असेल, तर घनमीटरला दीड टन धरून डोक्यावर जवळपास ११ टन भार होतो. दरवर्षीची डागडुजीच घर धोक्याचे करत गेली.

म्हणून सुधारणेचा क्रम वरून खाली हवा. माती २० सेंटिमीटरपर्यंत उतरवावी. त्या खोलीवरचे सात टनांहून अधिक ओझे जाते. मातीच्या थरात जाड प्लास्टिकचा कागद घालून पन्हाळीकडे उतार द्यावा, म्हणजे पुन्हा माती टाकावी लागत नाही. खांब नि तुळईच्या कोनात तिरके लाकूड ठोकावे. भिंतीत ठरावीक अंतराने आरपार भोके पाडून, आकडा केलेली सळई घालून काँक्रीट भरावे. कोपऱ्यालगत नवी खिडकी फोडू नये.

माळवद काढून थेट भिंतींवर स्लॅब टाकणे मात्र घातक. जो भार लाकडी खांब पेलत होते, तो मातीत रचलेल्या दगडांवर येतो.

रंग नि फरशीचा खर्च ठरवण्याआधी, छतावर चढून एक खड्डा घ्यावा आणि मातीची जाडी मोजावी.