भिगवणच्या वाळूत काय नाही

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर लोक रोहित पक्षी बघायला येतात. आपण वाळू बघू. भीमाशंकरपासून इथपर्यंत भीमेचं सारं खोरं काळ्या बेसॉल्टचं. बेसॉल्टात सिलिका कमी, म्हणून झिरकॉन हे चिवट खनिज त्यात क्वचितच तयार होतं. ग्रॅनाइटात मात्र ते हमखास सापडतं.

झिरकॉनचा स्फटिक घडताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही. पुढे युरेनियमचं शिसं होत राहतं. दोहोंचं प्रमाण मोजलं की जन्मकाळ कळतो. खडक झिजतो, पण कण टिकतो. जुन्या वालुकाश्मातल्या शेकडो कणांची वयं काढली की गाळ कुठल्या डोंगरातून आला ते उमगतं. बरेच कण गाळाइतकेच तरुण असले, तर जवळ धगधगते ज्वालामुखी होते. सगळेच फार जुने, तर शांत, स्थिरावलेलं भूखंड.

गंमत म्हणजे सह्याद्रीच्या याच बेसॉल्टचं वय झिरकॉननेच सांगितलं. लाव्हाच्या दोन थरांमधल्या तांबड्या मातीत दुसरीकडून उडून आलेल्या राखेचे कण होते. त्यांवरून प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोएन आणि सहकाऱ्यांनी 2015 साली दाखवलं, की मुख्य उद्रेक सुमारे साडेसात लाख वर्षांत उरकला. डायनासोरांचा अंत त्याच काळातला.